कठड्यावरचं काजळ

अंबिका गेल्याचं मला कुशाबाने सांगितलं. म्हणजे तोंडाने सांगितलं ते नंतर. आधी तो गिरगावातल्या आमच्या छापखान्याच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. कुशाबा लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत राहतो आणि गिरणीत कामाला आहे. भर पाळीत तो गिरगावात कशाला येईल? मी टाइपाच्या खिळ्यांच्या केसपाशी उभा राहून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं हँडबिल जुळवत होतो. ‘प्रचंड’ जुळवून झालं होतं, ‘सभा’ व्हायचं होतं.

“लवू, हात धू,” तो म्हणाला. “घरी जायचंय.”

“काय झालं?”

“तू हात धू आधी.”

मी हात धुतले. खिळ्यांचं काळं चटकन जात नाही, तरी धूत राहिलो. आमचे मालक शामराव आतून आले, त्यांनी कुशाबाच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या हातातला साबण काढून घेतला. “जा रे तू,” एवढंच म्हणाले.

ट्राममध्ये कुशाबा पहिल्यांदा काय बोलला तर, “बाळाला काय झालेलं नाय, हां.” मला काही कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. अंबिका नायगावला बीडीडी चाळीत रखमाच्या बाळाला तेल लावायला गेली होती. पाय पसरून बसली होती, बाळ पायांवर होतं. मध्येच थांबली. बाळाला उचलून शेजारच्या दुपट्यावर नीट ठेवलं, “घे गो ह्याला,” असं रखमाला म्हणाली आणि भिंतीकडे कलंडली. चाळीतल्या पोरांनी तिला परळच्या इस्पितळात नेलं, पण तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

बायको गेली आणि हा मला बाळाचं सांगतो, म्हणून त्या वेळी मला कुशाबाचा राग आला होता. आता वाटतं, त्याने बरोबर केलं. तिने स्वतः हेच आधी सांगितलं असतं.

आमची मुलगी कांता देवगडला दिली आहे. ती आली, दिवस होईपर्यंत राहिली आणि परत गेली. जाताना चल म्हणाली. मी नाही म्हटलं.

अंबिका बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायचं काम करत असे. लालबाग, परळ, नायगाव, कुठेही बाळ जन्मलं की तिला बोलावणं येई. पितळेची एक वाटी होती, तीत तेल. वरून फडकं बांधून ती वाटी घेऊन चालत जायची. छप्पन्न सालच्या जानेवारीत आमच्याकडे संचारबंदी होती, तेव्हाही ती थांबली नाही. नाक्यावर पोलिसाने अडवलं. “बाई, कुठे चाललीस? गोळी खायचीय का?”

हिने वाटीवरचं फडकं काढून दाखवलं. “तुमच्याच हवालदाराच्या घरी, नायगावच्या लायनीत. ओली बाळंतीण हा. भय वाटता तर तुमी चला सोबत.”

तो खरंच सोबत गेला. रस्त्यावर कुत्रं नव्हतं, आणि पुढे बंदूकवाला पोलीस, मागे तेलाची वाटी घेऊन अंबिका. कुशाबा गॅलरीतून बघत होता. पुढे कित्येक महिने तो तिला ‘काय गव्हर्नरीणबाई’ म्हणून हाक मारत असे.

घोड्यांकडे ती कशी वळली ते सांगतो. महालक्ष्मीला तबेल्यात बुधाजी म्हणून एक सईस आहे. त्याच्या बायकोचं बाळंतपण अंबिकेकडे होतं. रोज सकाळी ती तिथे जायची तेव्हा रेसचे घोडे फिरवून परत आणत असत. एक दिवस घरी येऊन म्हणाली, “आज एक घोडो बघलंय. अगदी कमळाबायच्या पोरासारखो.”

कमळाबाईचा मुलगा आमच्याच चाळीतला. लहानपणी नुसते गुडघे आणि कोपर. सगळे त्याला काडी म्हणायचे. अंबिका तेव्हाही म्हणायची, ह्याची हाडं पुढे गेलीत, मांस मागून येतंय, थांबा जरा. पुढे तो कबड्डीत असा निघाला की त्याला दोघांनाही धरून ठेवता येईना.

“घोड्यात काय दिसलं तुला?” मी विचारलं.

“मागून उंच आणि पुढून सखल. म्हणजे अजून वाढता हा. आणि ह्येचा कातडा बघा कधी. थोरल्या भावाचो सदरो घातल्यासारख्या दिसता.”

मला गंमत वाटली, कारण त्या घोड्याचं नाव मी दर आठवड्याला जुळवत होतो. शामराव रेसचं एक पत्रक काढतात. रविवारच्या शर्यतींचं, शनिवारी निघतं. घोड्याचं नाव, मालक, जॉकी, मागच्या खेपेला कितवा आला आणि आता किती वजन. ज्यांना रेस माहीत नाही त्यांच्यासाठी हे वजनाचं सांगायला हवं. सगळे घोडे सारखे नसतात. म्हणून हँडिकॅपर नावाचा अधिकारी असतो, तो चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतो आणि कमी घोड्यावर कमी. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. सगळे एका वेळी शर्यत संपते त्या खांबापाशी यावेत हा हेतू. पण हँडिकॅपर बिचारा काय बघणार? घोडा काल काय पळाला ते. उद्या तो कसा पळेल याचं वजन कोणी घालू शकत नाही. ज्या घोड्याचं अंग अजून भरायचंय, तो कालच्या वजनावर उद्याचा पळतो. असा घोडा आधी ओळखणं, एवढंच सगळं आहे. पण ते फार थोड्यांना जमतं.

तिचा तो मागून उंच घोडा पुढच्या हंगामात ओळीने जिंकला. मग आम्ही दर रविवारी सकाळी महालक्ष्मीला जायला लागलो. मैदानाच्या कडेला पांढरा लाकडी कठडा आहे. आमची एक ठरलेली जागा होती, वळणाच्या जरा अलीकडे. ती बघायची, मी ऐकायचो. घोडा पळून आल्यावर त्याचे कान कसे आहेत बघा, म्हणायची. दमून पडलेत की अजून फिरतायत? बुधाजीला विचारायची, रात्री दाणा संपवतो की टाकतो? दात येणारं पोर दूध टाकतं, त्याला आजारी समजू नये, असंही म्हणायची. मोठ्या पावलांच्या घोड्याला घाई करू नये. पावलं मोठी असली की अंग पुढे त्या मापाचं होतंच.

पत्रकात ‘पुढे येणारे घोडे’ म्हणून सदर होतं. ते लिहिणारे गृहस्थ नोकरी लागून नागपूरला गेले, तेव्हा शामरावांनी मला बोलावलं.

“लवू, हे तू लिही.”

“मी? मी जुळवणारा माणूस.”

“रविवारी सकाळी बायकोला घेऊन कठड्याला कोण उभं असतं? मला कळत नाही होय? लिही. वाकडं झालं तर मी सरळ करीन.”

मी लिहायला लागलो. तिचंच म्हणणं, फक्त बाळं काढून टाकलेलं. तिला म्हटलं, तुझं नाव घालतो. तर म्हणाली, “मेलंय! बाळंतिणी काय म्हणतील? ही बाई पोरांका तेल लावता आणि रेस खेळता!” मग नाव माझंच राहिलं. लोकांना सदर आवडलं. शामरावांना माहीत होतं घोडे कोण बघतं ते. ते दर दिवाळीला तिच्यासाठी लुगडं द्यायचे आणि म्हणायचे, “आमच्या संपादकीणबाईंना.”

आता त्या घोडीचं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, हंगाम संपत आलेला असताना, बुधाजीकडे एक तांबूस घोडी होती. कागदावर नाव मॉर्निंग बेल. तबेल्यात तिला छबी म्हणायचे. लहानखुरी. शर्यतीत पळायची आणि मागच्या घोळक्यात यायची. एका रविवारी सकाळी ती आमच्यासमोरून गेली. अंबिका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने एकदम तोंड फिरवलं, डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं, ते बोट कठड्याला पुसलं आणि म्हणाली, “चला, घराकडे जाऊ.”

“हिचं काय?” मी विचारलं.

“काय नाय. चला.”

तिला घोडी आवडली नाही, असं मी धरलं. डोळ्यात कचरा गेला असेल, कंटाळली असेल, असंही वाटलं. त्या आठवड्याच्या पत्रकात मी लिहिलं की मॉर्निंग बेलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मी लिहिलेलं एरवी तिला वाचून दाखवत असे. पण त्याच वेळी कांताकडे जायची गडबड होती, तो अंक वाचायचा राहून गेला. पावसाळ्यात तिकडच्या शर्यतींसाठी घोडे पुण्याला गेले. आणि घोडे परत यायच्या आधी ती गेली.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. शामरावांनी मला काही म्हटलं नाही. माझ्या सदराच्या जागी त्यांनी एका हेअर ऑइलची जाहिरात टाकली. तिसऱ्या आठवड्याला मीच म्हणालो, लिहितो. मला ते सदर सोडायचं नव्हतं. रविवारची सकाळ, कठडा, आणि तिचं म्हणणं कागदावर उतरवणं, हे आमच्या दोघांचं होतं. घरातली तिची लुगडी कांताने वाटून टाकली, ते ठीक झालं. हे गेलं असतं तर मग काही राहिलं नसतं.

पण मला दिसेना. ठरल्या जागी उभा राहिलो, घोडे समोरून गेले, आणि मला घोडे दिसले. तांबडे, काळे, करडे. कोण उंच, कोण सखल, हे मी मापायला बघायचो तोवर ते निघून जायचे. तिच्या सगळ्या खुणा मला पाठ होत्या. तरी एकातही धड काही सांगता येईना. मी अंदाजाने लिहिलं. एक घोडा लिहिला, तो शेवटून दुसरा आला. दुसरा लिहिला, तो लंगडला.

कुशाबा गॅलरीत दाढी करता करता म्हणाला, “काय लवूशेट, तुमचे घोडे अजून पुढे येतायत, की वाटेत चहाला थांबले?”

“गप रे.”

“नाय, आमच्या खात्यातले विचारतायत. म्हणतात लवूला सांग, घोड्यांना शिटी ऐकू जात नसेल, आमच्या गिरणीचा भोंगा लाव.”

तो मला हसवायला बघत होता, ते कळत होतं. पण मी ठरवलं, शामरावांना सांगायचं की सदर बंद करा. चुकीचं लिहून तिचं नाव खराब करायचं नाही. तिचं नाव त्यावर नव्हतं, तरी.

सांगायच्या आधी एक काम करायचं होतं. तिची तेलाची वाटी त्या दिवसापासून रखमाकडेच होती. रखमाने दोनदा निरोप पाठवला होता. मी एका संध्याकाळी नायगावला गेलो.

रखमाचं घर बौद्ध. छप्पन्न साली नागपूरला जाऊन आलेली माणसं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. अंबिका त्यांच्याकडे जाते म्हणून आमच्या चाळीतल्या एकदोघींनी नाक मुरडलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, “पोर सगळ्यांचा नागडाच येता.” पुढे कोणी बोललं नाही.

रखमाची सासू जाईबाई दारात बसली होती. तिच्या मांडीवर ते बाळ होतं. आता ते बसायला लागलं होतं, चांगलं गुटगुटीत. मला बघून हसलं.

“बघा,” जाईबाई म्हणाली, “तुमच्या मालकिणीनं खाली ठेवलं ते हे.”

“हो,” मी म्हटलं.

रखमा चहा ठेवायला आत गेली. जाईबाई बाळाकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने तोंड बाजूला केलं, स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं आणि ते काजळाचं बोट बाळाच्या कानामागे पुसलं.

मी उभाच राहिलो. “हे काय केलंत तुम्ही?”

ती जराशी लाजली. “तुम्ही म्हणाल, दीक्षा घेतलेली बाई आणि दृष्टबिष्ट मानते. नाय मानत आम्ही आता. पण अंबिका रोज लावायची याला. मी म्हटलं लावू दे, तिचा हात चांगला. ती गेल्यावर मीच लावते, तिची आठवण म्हणून.”

“सगळ्याच पोरांना लावायची?”

“छ्या! ह्या चाळीत आमच्याआधी दोन बाळं केली तिनं, त्यांना नाय. मी विचारलं एकदा. तर म्हणाली, जे पोर चांगलं निघणार ते मला दिसतं, आणि दिसलं की माझीच नजर त्याला आधी बसते. म्हणून तोंड फिरवायचं, आणि तोंडानं एक अक्षर बोलायचं नाय.”

रखमाने चहा आणला. मी तो प्यालो की नाही आठवत नाही. मला कठडा दिसत होता. घोडीपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून तिने बोट कठड्याला पुसलं होतं. आणि मी लिहिलं होतं, हिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलो. आमच्या कांतालाही ती असंच करायची, मी पाहिलं होतं. पण कांता मूल होती आणि ही घोडी होती. ते एकच आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाकीच्या घोड्यांबद्दल ती बोलायची, कारण ते नुसते बरे होते. जी खरी होती तिच्याबद्दल ती गप्प बसली.

मी तसाच निघालो. वाटी राहिली.

रविवारी पहाटे महालक्ष्मीला गेलो. कठड्याला नवा पांढरा रंग दिला होता. डाग शोधला नाही. बुधाजीला विचारलं, “छबी कुठाय?”

“लवूभाऊ! तुम्ही तर तिला मोडीत काढली होती,” तो म्हणाला. “पुण्यात पळवलीच नाय. पुढच्या पायांच्या नळ्या दुखायच्या. नुसती खाल्ली आणि झोपली. आता चावते. माझा खांदा बघा.”

“दाणा?”

“दाणा काय, बादली पण खाईल.”

त्याने तिला बाहेर आणलं. मी घाई केली नाही. अंबिका जशी बघायची तसा उभा राहिलो, आधी मागून, मग बाजूने. एप्रिलमध्ये मागून उंच होती, आता पाठ सरळ झाली होती. कातडं अंगाला बसलं होतं. थोरल्या भावाचा सदरा नव्हता आता, स्वतःचा होता. आणि पुण्यात पळाली नव्हती म्हणून हँडिकॅपरच्या हिशेबात ती अजून गेल्या वर्षीचीच होती. वजन अगदी कमी.

मी लिहून शामरावांना दिलं. त्यांनी चष्मा वर केला.

“अरे, हीच ना ती? गेल्या वर्षी तूच लिहिलंस, हिच्या नादी लागू नका.”

“ते मी लिहिलं होतं. हे तिचं आहे.”

शामरावांनी चष्मा खाली घेऊन कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, “जुळव. पहिलं हेच घे. वरती.”

पुढच्या रविवारी मी तिसऱ्या रिंगणात, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या जागी, उभा होतो. कुशाबाही आला होता, गिरणीतल्या चौघांना घेऊन. सहा फर्लांगांची, म्हणजे पाऊण मैलाची शर्यत. छबी मागे पडली, वळणावर बाहेरून आली, आणि तिसरी आली.

“लवू,” कुशाबा म्हणाला, “हे लोक मला सोडतील असं वाटत नाय. तू पुढे हो, मी मागून पळतो.”

पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. सगळे फळ्याकडे बघत होते, कितवा नंबर म्हणून. मी खांबाच्या पुढे बघत होतो. बाकीचे घोडे खांब गेल्यावर मंदावले. छबी मंदावली नाही. जॉकी लगाम ओढत होता आणि ती पळत होती. खांबापासून जरा पुढे तिने पहिल्या घोड्याला मागे टाकलं. परत आली तेव्हा तिचे कान फिरत होते, इकडे तिकडे, जणू आत्ताच निघाली आहे.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी कोणी नव्हतं सांगायला. मला दिसलं.

सोमवारी छापखान्यात शामराव म्हणाले, “लोक शिव्या घालतायत रे.”

“घालू देत. हीच परत घ्यायची.”

“तिसरी आली ती!”

“खांबापर्यंत तिसरी. खांबाच्या पुढे पहिली होती.”

“अरे, खांबाच्या पुढे काही मिळत नाही.”

“पुढच्या खेपेला खांबच पुढे आहे,” मी म्हटलं. “सव्वा मैलाची शर्यत आहे. जिंकली नाही म्हणून वजनही फारसं वाढवलेलं नाही.”

शामराव हसले. अंबिका गेल्यापासून ते माझ्यासमोर हसले नव्हते. मला वाटतं मुद्दामच. “बाईंनी तुला बरंच शिकवलं म्हणायचं,” ते म्हणाले.

सव्वा मैलात छबीला कोणी गाठू शकलं नाही. शेवटच्या फर्लांगात ती एकटी होती. कुशाबाने माझी टोपी काढून हवेत फेकली, ती कोणाच्या तरी डोक्यावर पडली आणि परत मिळाली नाही. मी रडलो. आजूबाजूच्या लोकांना वाटलं मी फार मोठी रक्कम लावली होती. एक अनोळखी म्हातारा माझी पाठ थोपटून म्हणाला, “नशीब उघडलं बाबा तुझं!” मी म्हटलं, हो.

माझ्यावर पुष्कळांचे उपकार आहेत. कुशाबाने मला हात धुवायला लावले. शामरावांनी सदराची जागा ठेवली. बुधाजी मोडीत काढणाऱ्याला घोडी दाखवायला बाहेर घेऊन आला. जाईबाई न मानता काजळ लावत राहिली, ती नसती तर मला काहीच कळलं नसतं. आणि अंबिका. तिचं मी काय सांगू? तिच्याबरोबर कठड्याला उभं राहायला मिळालं. तेव्हा मला वाटायचं मी नुसता ऐकतोय. ती मला बघायला शिकवत होती, आणि शिकवतेय असं तिने कधी जाणवू दिलं नाही.

परवा मुंबईसह महाराष्ट्र झाला. आमच्या छापखान्यात रात्रंदिवस पत्रकं निघत होती. लालबागला दिव्यांच्या माळा होत्या, चाळीचाळीतून लेझीम. कुशाबाने मला ओढून खाली नेलं. नाक्यावर पोलीस उभे होते, त्यातल्या एकाला मी बघून हसलो. तो संचारबंदीतला नव्हता बहुतेक.

हंगाम संपला. शेवटच्या रविवारी सकाळी बुधाजीच्या शेजारच्या तबेल्यातला एक काळा घोडा समोरून गेला. लहान, बेढब, मोठ्या पावलांचा. त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही. मी तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांत काजळ नसतं, बोटांना शाई असते. ती कठड्याला पुसली आणि घरी आलो.

नव्या हंगामात सदर सुरू राहील, असं शामराव म्हणाले आहेत. कांताला दिवस गेलेत, ती बाळंतपणाला इकडेच येणार आहे. तेल लावायला जाईबाईने होकार दिला आहे, पण म्हणाली, वाटी अंबिकेचीच घेईन, आणि ती तुम्ही स्वतः येऊन माझ्या हातात द्यायची, मी परस्पर घेणार नाही.

वाटी अजून रखमाच्या फळीवर आहे. ती उचलून जाईबाईच्या हातात द्यायची राहिली आहे.